एफओबी अप्पा

बुऱ्हाणपुरापासून समुद्र शेकडो किलोमीटरांवर. तरीही शनवारा दरवाज्यापाशी चहा घेत उभ्या असलेल्या अप्पांना कुणी कोऱ्या कापडाचा भाव विचारला, तर अप्पा उलट विचारतात, "न्हावाशेवा एफओबी सांगू, की कांडला?" विचारणारा बहुधा नेपानगरचा शिंपी असतो. त्याला परकराच्या अस्तरासाठी वीस-पंचवीस मीटर कापड हवं असतं आणि साडेचारची बस गाठायची असते.

माल बंदरावर नेऊन जहाजात चढवेपर्यंतचा खर्च आणि जोखीम विकणाऱ्याची, पुढचं सगळं घेणाऱ्याचं, याला परदेशी व्यापारात एफओबी म्हणतात. अप्पांनी हे तत्त्व कुठल्या तरी एक्सपोर्टच्या शिबिरात ऐकलं आणि थेट अंगात भिनवून घेतलं. पुण्याच्या बहिणीला कुरडयांचा डबा पाठवायचा तर अप्पा स्वतः जाऊन तो कंडक्टरच्या सीटखाली ठेवतात आणि तिथूनच फोन करतात, "माल चढला. आता फुटला तर तुझा." पाहुण्यांना निरोप द्यायला लालबागच्या स्टेशनावर जातात, बॅगा डब्यात टाकतात आणि हात झटकतात. बर्थ मिळाला की नाही, हा अप्पांचा प्रश्न नसतो. घरच्या लग्नात आहेराची पातेली मांडवाच्या दारापर्यंत आणून ठेवली. ती आत कुणी न्यायची यावर व्याह्यांशी जे झालं, त्यातून त्यांचं 'एफओबी अप्पा' हे नाव पडलं आणि टिकलं.

पोटापाण्यासाठी अप्पा कापडाची दलाली करतात. लूमवाल्याचा ताका व्यापाऱ्याला दाखवायचा, व्यापाऱ्याची घासाघीस लूमवाल्याला कळवायची आणि मीटरमागे काही पैसे सोडवायचे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, जिथं जिथं पॉवरलूमची खडखड आहे, तिथं तिथं असा एक अप्पा असतोच. फक्त आमच्या अप्पांचं दुकान बुऱ्हाणपुरी आहे, त्यामुळे त्यांच्या मागे चारशे वर्षांचा इतिहास हमाली करतो.

त्यांच्या घरात शेगावच्या गजानन महाराजांच्या तसबिरीशेजारी दुसरी तसबीर आहे, आयईसीची. परदेशाशी माल आणायचा-न्यायचा व्यवहार करायला सरकारकडून जो दहा अक्षरी कोड घ्यावा लागतो, तो हा. पाचशे रुपये फी भरून अप्पांनी तो घेतला. जीएसटी आल्यानंतर पॅनचा नंबर हाच आयईसी झाला, तेव्हा अप्पा हरखून गेले होते. "बघ भाऊ, आता सरकारच्या लेखी माणूस आणि एक्सपोर्टर एकच!" या कोडचा एक नियम मोठा गोड आहे. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन जाऊन माहिती ताजी करावी लागते. काहीही बदल नसला, तरी 'बदल नाही' असं कळवावंच लागतं, नाहीतर कोड बंद पडतो. अप्पा हे काम अक्षय्य तृतीयेला आंघोळ करून, आंब्याचा रस वाढण्याआधी उरकतात. अप्पांच्या एक्सपोर्टात दरवर्षी काहीही बदल नसतो.

पण ज्ञान विचाराल तर तोंडात बोट घालावं. 2025च्या ऑगस्टात अमेरिकेनं भारतीय मालावर पन्नास टक्के कर लावला, तेव्हा अप्पा सकाळी सातलाच चहावर हजर. चेहरा असा, की टपरीवाल्याला वाटलं घरात काही झालं. शेजारी लूमवाले चाचा बसले होते. आठ लूम, शेठजींचं सूत, मजुरीवर काम. त्यांना रात्रभर लाइट नव्हती म्हणून झोप नव्हती.

"चाचा, अमेरिकेनं मारलं आपल्याला."

"आपला माल अमेरिकेला जात होता?"

"नव्हता ना! म्हणून तर वाचलो." अप्पांनी अर्धा चहा बशीत ओतला. "मी आधीपासून त्या मार्केटमध्ये एक्सपोजरच घेतलं नव्हतं."

चाचांनी मान हलवली. दूरदृष्टी म्हणजे काय, हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टनस्टाइन या चार देशांशी झालेला करार लागू झाला. पंधरा वर्षांत शंभर अब्ज डॉलरची गुंतवणूक भारतात आणायची, असं त्यात ठरलं आहे. अप्पांनी वर्तमानपत्राच्या कडेवरच भागाकार मांडला. देशात जिल्हे साडेसातशेच्या वर. म्हणजे जिल्ह्यामागे तेरा कोटी डॉलर. "आपला जिल्हा लहान. 2003 साली खंडव्यातून निघालेला. मी पाचच कोटी धरतो," असं ते उदारपणे म्हणाले. लिश्टनस्टाइनची वस्ती बुऱ्हाणपूर शहरापेक्षाही कमी आहे, हे कुणी तरी फोनवर शोधून दाखवलं. अप्पा म्हणाले, "मग तर ते आपल्याला लवकर समजून घेतील."

हसणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या गावात परदेशी पार्टी यायची, ही अप्पांच्या डोक्यातली कल्पना नाही. ती येऊन गेलेली आहे. इंग्लंडचा राजदूत सर टॉमस रो 1615च्या नोव्हेंबरमध्ये सुरतेहून अजमेरकडे जाताना इथं उतरला. जहांगीरचा मुलगा परवेझ तेव्हा इथं दरबार भरवून होता. रोला बुऱ्हाणपुरात वखार उघडायची परवानगी हवी होती. त्यानं नजराणा दिला, शहजाद्यानं परवानगीही कबूल केली आणि मागाहून खासगीत भेटू म्हणाला. ती भेट झालीच नाही. कारण नजराण्यात बाटल्यांची एक पेटी होती, आणि शहजाद्यानं ती लगेच उघडली होती. रोनं हे सगळं रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. वर गावातली बहुतेक घरं मातीची आहेत, असा शेराही मारला आहे.

हा प्रसंग अप्पा कालच घडल्यासारखा सांगतात. सांगताना त्यांचा राग परवेझवर नसतो, रोवर असतो. "मीटिंगच्या आधी बाटल्या? अरे, सही होऊ दे, मग पाज ना!" मातीच्या घरांचा शेराही त्यांना झोंबतो. राजमहालापलीकडे त्याला कुणी फिरवलंच नसणार, असं त्यांचं मत.

पण अप्पांचा खरा लाडका फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये. सतराव्या शतकात तो बुऱ्हाणपुरातून गेला आणि इथल्या पारदर्शक मलमलीचा व्यापार पाहून चाट पडला. इथला कपडा इराण, तुर्कस्तान, मॉस्को, पोलंड, अरबस्तान, कैरो इथपर्यंत जातो, असं त्यानं आपल्या प्रवासवर्णनात लिहिलं. कशाकशाला वापरतात तेही लिहिलं. बुरखे, ओढण्या, पलंगपोस, आणि तपकीर ओढणाऱ्यांचे रुमाल. त्या पानाची झेरॉक्स अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात असते. घामानं ती आता स्वतःच पारदर्शक झाली आहे. अप्पांच्या मते तो इतिहास नाही, ती जुन्या गिऱ्हाइकांची यादी आहे आणि मधल्या काळात फक्त ऑर्डर थांबलेली आहे.

एकाच ठिकाणी अप्पा अडखळतात. 1681 साली संभाजी महाराजांच्या फौजेनं शेजारचं बहादुरपूर लुटलं, हा विषय निघाला की व्यापारी म्हणून ते "भांडवल बाहेर गेलं" असं म्हणतात, पण छाती मात्र मराठी माणसाची फुगते. शेवटी स्वतःची समजूत घालतात, "गेलं ते आपल्यातच गेलं."

ऑनलाइन व्यापारावर त्यांचं व्याख्यान किराणा दुकानात झालं, त्याला मी हजर होतो. दुकानदार चिडलेला होता. पोरं साबणसुद्धा मोबाइलवर मागवतात, आणि म्हणे त्या कंपन्या परदेशी! अप्पांनी त्याला शांत केलं. 2018 साली वॉलमार्टनं सोळा अब्ज डॉलर टाकून फ्लिपकार्टचा सत्त्याहत्तर टक्के हिस्सा घेतला, हे खरं. पण आपल्या सरकारचा नियम कडक आहे. परकी पैसा लागलेल्या कंपनीनं स्वतःचा माल भरून ऑनलाइन गिऱ्हाइकाला विकायचा नाही. तिनं फक्त बाजार मांडून द्यायचा. विकणारा वेगळा, घेणारा वेगळा, माल दुसऱ्याचा, आणि मध्ये बसून तिनं फक्त कमिशन घ्यायचं. 2019च्या फेब्रुवारीपासून तर हे आणखी आवळलं.

दुकानदार तराजूवरून मान वर न करता म्हणाला, "म्हणजे तुमच्यासारखं."

अप्पा थबकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं, ते मी आयईसी आला त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. खरंच की! स्वतःचा एक मीटर माल नाही, गोदाम नाही, ताका लूमवाल्याचा, पैसा व्यापाऱ्याचा. अप्पा जन्मापासून मार्केटप्लेस आहेत. आणि नियमाप्रमाणे मार्केटप्लेसमध्ये शंभर टक्के परकी गुंतवणूक चालते, तीही ऑटोमॅटिक रूटनं, सरकारला आधी न विचारता. म्हणजे जपानच्या एखाद्या बँकेला उद्या अप्पा पूर्णपणे विकत घ्यावेसे वाटले, तर कायद्याची काहीही आडकाठी नाही. चीनची असेल तर मात्र 2020च्या नियमानं दिल्लीची मंजुरी लागेल. अप्पांनी तेव्हापासून मनातल्या मनात चीनला नाही म्हणून टाकलं आहे.

सुनेनं एकदा ऑनलाइन ब्लाउजच्या अस्तराचं पाकीट मागवलं. विकणारा जयपूरचा, पाकिटावर छापलेलं 'एक्सपोर्ट क्वालिटी'. अप्पांनी कापड बोटांत चुरलं, कडेचा धागा ओढला, धागे मोजायचं भिंग लावलं आणि घरात आरोळी ठोकली, "बहादुरपूर!" त्यांच्या मते ते कापड तिथल्याच लूमवर विणलेलं होतं. इथून कोरं गेलं, कुठं तरी रंगलं, कुठं तरी कापलं गेलं आणि पाकिटात बसून पाचपट भावानं शनवाऱ्यात परत आलं. "राउंड ट्रिपिंग!" मग सुनेला दारातच मॉरिशसचं प्रकरण ऐकावं लागलं. भारतातला पैसा गुपचूप त्या बेटावर जायचा आणि परकी गुंतवणुकीचा सूट घालून परत यायचा. तिथून आलेल्या पैशावर इथं नफ्याचा कर लागत नसे. वर्षानुवर्षं गुंतवणुकीच्या यादीत एवढंसं बेट पहिलं. 2016 साली करार बदलला, मग सिंगापूर पुढे गेलं.

"मग परत करू का? सात दिवस रिटर्न आहे," सून म्हणाली.

"नको नको. पहिल्यांदाच आपला माल बाहेरून आलाय."

अप्पांना खरा त्रास कुणाचा असेल तर केळीचा. बुऱ्हाणपूर आणि रावेर हा केळीचा सलग पट्टा. मध्ये राज्याची हद्द आहे, पण केळीला ती दिसत नाही. 2021 साली रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची केळी जळगावचं जीआय मानांकन मिरवत दुबईला गेली, वीसेक टन. तेव्हापासून अप्पांच्या ओळखीचा एक केळीवाला चहावर आला की अप्पा अस्वस्थ होतात. त्या गड्याकडे व्हिजिटिंग कार्ड नाही. हिरवी केळी कापायची, फण्या धुवायच्या, तेरा-तेरा किलोचे खोके भरायचे, थंड कंटेनरमध्ये ठेवायचे, एवढंच तो सांगतो. पुढचं एक्सपोर्टर बघतो.

"कुठल्या बंदरावर उतरला माल?" अप्पा विचारतात.

"तिकडं. आखातात."

"अरे पण जेबेल अली, की बंदर अब्बास? पेमेंट एलसीवर, की टीटीवर?"

"पेमेंट आलं, अप्पा," तो म्हणतो आणि चहाचे पैसे देतो. सगळ्यांचे.

हा आघात सोसवेना, म्हणून अप्पांनी पोलंडला पत्र लिहिलं. आधी पोर्टलवरून आलेल्या चौकशांचा अनुभव घेऊन झाला होता. चाळीस फुटी दहा कंटेनर हवेत म्हणणारे लोक आधी सॅम्पल मागवायचे. कुरिअर अप्पांच्या खर्चानं जायचं आणि पुढे कुठल्या तरी देशात कुणी तरी बुऱ्हाणपुरी रुमालानं नाक पुसत असायचं. ताव्हर्नियेच्या काळापासून हे चालत आलंय म्हणून अप्पांनी ते मनाला लावून घेतलं नाही. आता मात्र त्यांनी वूच या पोलंडच्या जुन्या कापडगावातला एक आयातदार शोधला आणि पुतण्याकडून इंग्रजी करून घेतलं. पत्राची सुरुवात अशी होती, की आपल्या देशाशी आमच्या गावाचा व्यवहार सतराव्या शतकापासूनचा आहे, मधल्या खंडाबद्दल दिलगीर आहोत.

आणि उत्तर आलं. खरं उत्तर, माणसानं लिहिलेलं. सुताचा काउंट काय, पन्हा किती, चौरस मीटरला वजन किती, आणि भाव कळवा: सीआयएफ, ग्दान्स्क.

चाचा तर उठूनच उभे राहिले. "दे दो ना अप्पा! माल मैं देता हूँ."

अप्पा दुपारभर आकडे मांडत बसले. सीआयएफ म्हणजे जहाजाचं भाडं आपलं, विमा आपला. मुंबईच्या एजंटला फोन झाले, हिशेबही बसत होता. पण संध्याकाळी अप्पांनी एफओबी न्हावाशेवाचाच भाव कळवला, खाली ताव्हर्नियेचा हवाला देऊन. पोलंडकडून पुन्हा काही आलं नाही.

"मी रिजेक्ट केलं," अप्पांनी टपरीवर जाहीर केलं. "आज भाडं द्या म्हणतात, उद्या बर्थ बघा म्हणतील."

चाचांनी कपाळाला हात लावला. "अब?"

अप्पांनी खिशातून झेरॉक्स काढली, पोलंडवर बॉलपेननं काट मारली आणि पुढची नावं वाचली. "अरबस्तान केळीवाल्यांनी धरलंय. कैरो बघतो."