फुकट कारभाऱ्याची किंमत

मृत्युपत्र खरे आहे आणि कायद्याने सांगितलेल्या रीतीने केलेले आहे, असा न्यायालयाच्या शिक्क्यानिशी मिळणारा निर्वाळा म्हणजे प्रोबेट. तो मिळवण्याचा अर्ज मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाने, म्हणजे बोलीभाषेतल्या एक्झिक्युटरने, करायचा असतो. आणि मराठी मध्यमवर्गात हा एक्झिक्युटर बहुधा थोरला मुलगा असतो, कारण त्याला नेमताना वडिलांनी त्याला विचारलेले नसते. वडिलांच्या पश्चात कपाटातून मृत्युपत्र निघाले की या थोरल्याला एकाच दिवशी दोन गोष्टी कळतात: धाकट्याला किती मिळाले आहे आणि त्याला ते मिळवून देण्याचे काम कोणावर पडले आहे. मृत्यूनंतर सात दिवस उलटेपर्यंत प्रोबेट देऊ नये, एवढ्यावर कायदा समाधान मानतो. सुसंस्कृत कुटुंबे मात्र विषय काढण्यासाठी तेराव्यापर्यंत थांबतात आणि गोडाचे जेवण झाल्यावर ‘आता त्या कागदांचं काय करायचं’ हा प्रश्न, कोणी विचारला हे कळू न देता, पंगतीत सोडून देतात.

मुंबईकर कुटुंबांना हा प्रश्न निदान अर्धा तरी कायद्यानेच सोडवून दिलेला होता. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २१३ने मुंबई, कोलकाता व चेन्नई या जुन्या इलाखा-शहरांच्या हद्दीत केलेल्या किंवा तेथील स्थावर मिळकतीसंबंधीच्या हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती केली होती, म्हणजे प्रोबेटवाचून त्या मृत्युपत्राखालचा हक्क न्यायालयात सिद्ध करता येत नसे. परिणामी मुलुंडमध्ये राहून, मुलुंडमधल्याच घराचे मृत्युपत्र करून वारलेल्या गृहस्थाच्या मुलांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे आणि चेकनाक्यापलीकडे ठाण्यात तसेच वारलेल्याच्या मुलांना ती चढावी लागत नसे. मरणाच्या पत्त्याला इतके महत्त्व काशीनंतर मुंबईतच मिळाले असावे. २०२५च्या अखेरीस संसदेने हे कलम वगळले, सक्ती संपली, आणि जी कुटुंबे आजवर केवळ वकील करावा की नाही यावर भांडत होती त्यांना मुळात प्रोबेट घ्यावे की नाही यावरही भांडण्याची मोकळीक मिळाली.

या मोकळिकीचा उपयोग प्रथम तो पक्ष करतो ज्याचे म्हणणे असते की वकील कशाला हवा, सगळे तर सरळ आहे. सरळपणाची ही खात्री साधारणपणे साक्षीदारांपाशी येऊन थांबते. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि प्रोबेटच्या अर्जाला त्यांपैकी, मिळत असेल तर, निदान एकाचा दुजोरा जोडायचा असतो. परंतु ऐंशीव्या वर्षी मृत्युपत्र करणारा माणूस साक्षीला आपल्या सर्वांत विश्वासू, म्हणजे आपल्याच वयाच्या, मित्रांना बोलावतो, आणि दहा वर्षांनी मुलांवर असा प्रसंग येतो की वडिलांचे मृत्युपत्र सिद्ध करण्यासाठी ज्यांना शोधायचे त्यांची स्वतःचीच मृत्युपत्रे कोणीतरी सिद्ध करत असते. त्यानंतर इतर वारसांची संमती हवी असते. न्यू जर्सीतील बहीण फोनवर तीन वेळा सांगते की तिची काहीही हरकत नाही, मात्र न्यायालयाला हरकत नसल्याचे तिचे शपथेवरील लेखी निवेदन पाहिजे असते, आणि ते द्यायचे म्हटल्यावर, मृत्युपत्रात नेमके काय लिहिले आहे ते तिला पहिल्यांदाच वाचावेसे वाटते. वारसांपैकी एकाने जरी कॅव्हिएट, म्हणजे आपल्याला ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये अशी सूचना, दाखल करून विरोध मांडला तर अर्जाचा दावा होतो, आणि मग ‘सगळे सरळ आहे’ म्हणणारा पक्षच सर्वांत महागडा वकील शोधू लागतो.

दुसऱ्या पक्षाला वकील हवा असतो, पण किती रुपयांचा हे ठरत नाही. महाराष्ट्रात प्रोबेटचे न्यायालयीन शुल्क मिळकतीच्या किमतीनुसार वाढत जाते आणि ७५,००० रुपयांवर थांबते, त्यामुळे दादरच्या फ्लॅटची किंमत कितीही कोटींत गेली तरी शासन एका मर्यादेपलीकडे हात पसरत नाही, हे ऐकून कुटुंबाला शासनाविषयी प्रथमच आपुलकी वाटते. व्यावसायिकाच्या मानधनाला अशी मर्यादा नाही हे कळेपर्यंत ती टिकते. मिळकतीच्या शेकड्यावर मोबदला मागणारे सल्लागार येथेच भेटतात. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवू नये किंवा दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत वाटा मागू नये, असा भारतीय विधिज्ञ परिषदेचा नियम आहे, म्हणून ‘फ्लॅटच्या दोन टक्के’ असे आकडे ज्यांच्या तोंडून निघतात त्यांच्या पाटीवर बहुधा वकील हा शब्द नसून ‘सर्व कामे खात्रीने’ अशी व्यापक प्रतिज्ञा असते. वस्तुतः मृत्युपत्र स्वच्छ, वारस एकमताचे आणि साक्षीदार हयात असतील तर अर्जाचा मसुदा, शपथपत्रे व हेलपाटे यांची ठरावीक रक्कम आधी लिहून घेणे पुरेसे असते, आणि यांपैकी एखादी जरी गोष्ट नसेल तर वकील न करण्यातली बचत ही औषध न घेऊन केलेल्या बचतीच्या जातीची असते. परंतु इतका साधा हिशेब कोणत्याही कौटुंबिक बैठकीत मांडला गेल्याचे दिसत नाही, कारण बैठकीचा विषय पैसा हा नसतोच.

विषय असतो संशय. कायद्यानुसार एक्झिक्युटरने प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षभरात जमाखर्च न्यायालयात द्यायचा असतो. सख्ख्या भावाकडे हा जमाखर्च मागणे अपमानाचे आणि न मागणे मूर्खपणाचे ठरत असल्याने तो जावयामार्फत मागितला जातो. थोरल्याने फुकट काम केले तर ‘फुकट कोण करतो’ हा प्रश्न उरतो, आणि त्याने रिक्षाभाडे लावले तर ते रिक्षाभाडे पुढल्या पिढीपर्यंत सांगितले जाते. बाहेरचा माणूस फी घेतो तेव्हा त्याच्यावर लोभी असल्याचा आळ येतो खरा, पण तो आळ घेऊन तो आपल्या घरी जातो आणि दिवाळीला फराळाला येत नाही. ही सेवा कोणत्याही दरपत्रकात स्वतंत्रपणे दाखवलेली नसली तरी फीमधला बराच भाग तिचाच असतो.

याउपर नॉमिनीचा गैरसमज आहेच. बँकेत किंवा गृहनिर्माण संस्थेत ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लागलेले असते तो स्वतःला मालक समजतो, वास्तविक तो पैसे वा मिळकत वारसांसाठी स्वीकारणारा विश्वस्त असतो. सर्वोच्च न्यायालयाने हे विम्याबाबत १९८३मध्ये आणि शेअरबाबत २०२३मध्ये स्पष्ट केले, तरी चाळीसेक वर्षांत ही बातमी नॉमिनींच्या कानी गेलेली नाही. शिवाय प्रोबेट मालकी ठरवत नाही, केवळ मृत्युपत्राचा खरेपणा ठरवते, आणि वडिलांनी मृत्युपत्राने दिलेली जमीन मुळात काकांची होती का हा प्रश्न प्रोबेटनंतरही ताजाच राहतो.

अखेर वर्षा-दोन वर्षांच्या खटपटीने, वकिलाशिवाय, स्वतः रांगा लावून, थोरला मुलगा प्रोबेटची प्रमाणित प्रत मिळवतो आणि फ्लॅट नावावर करण्यासाठी संस्थेच्या कार्यालयात नेऊन देतो. सचिव ती दोन्ही बाजूंनी पाहतात, शिक्क्यावरून बोट फिरवतात, आणि व्यवस्थापक समितीच्या पुढील बैठकीत ठरेल त्याप्रमाणे हा कागद संस्थेच्या कायदेविषयक सल्लागारांकडे अभिप्रायासाठी पाठवला जाईल, त्यांची फी अर्जदाराने भरायची आहे, असे कळवतात.