उतरलेले कपडे चढवण्याची शास्त्रोक्त पद्धत

आमच्या लहानपणी थोरल्या भावाची चड्डी मधल्याला येई, मधल्याची मला, आणि माझ्या अंगावर तिचं आयुष्य संपलं की पायपुसणं होऊन ती दारात पडे. या प्रवासाला तेव्हा काही नाव नव्हतं. आता त्याला 'सर्क्युलर फॅशन' म्हणतात आणि चड्डीला 'प्री-लव्ह्ड', म्हणजे आधी कुणीतरी प्रेम केलेली. थोरल्या भावाने तिच्यावर प्रेम केल्याचं मला आठवत नाही. त्याने ती पेरूच्या झाडावर फाडली होती.

काळ बदलला. दिवाळीत नवे कपडे मिळावेत म्हणून रडणारी आमची पिढी पन्नाशी ओलांडून गेली आणि तिची मुलं-भाचरं दिवाळीत जुने कपडे मिळावेत म्हणून पैसे साठवू लागली. परवा माझ्या भाचीने बावीसशे रुपये मोजून एक कोट आणला. तो बघून आई म्हणाली, "असलाच यांचा होता. बोहारणीला दिला." तेव्हापासून घरात दोन तट आहेत. नवशिक्यांचं असं नुकसान टळावं म्हणून ही मार्गदर्शिका.

पायरी पहिली : भाषा शुद्ध करावी

या क्षेत्रात वस्तू तीच राहते, शब्द बदलतो आणि शब्दाबरोबर किंमत. म्हणून आधी परिभाषा पाठ करावी. आई म्हणते तो 'जुना'. आपण नाइलाजाने घेतो तो 'सेकंडहँड'. भाची हौसेने घेते तो 'थ्रिफ्टेड'. साधारण वीस वर्षं उलटली की 'विंटेज' आणि शंभर उलटली की 'अँटिक'. या हिशेबाने नव्वदच्या दशकातली तुमची स्टोनवॉश जीन्स केव्हाच विंटेज झाली आहे. ती कमरेला बसत नाही हा तिचा दोष नव्हे.

विटका म्हणजे फेडेड. ठिगळ म्हणजे पॅचवर्क. आणि दोन वर्षं तरी पुरावा म्हणून आईने मुद्दाम मोठा शिवून घेतलेला, 'वाढत्या अंगाचा' शर्ट म्हणजे ओव्हरसाइज्ड. आम्ही सबंध प्राथमिक शाळा ओव्हरसाइज्ड काढली, पण कुणी फोटो काढला नाही.

पायरी दुसरी : गुरू करावा

गुरूवाचून विद्या नाही. या विद्येचा खरा गुरू इन्स्टाग्रामवर नसून डोक्यावर पाटी घेऊन दुपारी दोनच्या सुमारास, नेमकी घरातल्यांची झोप लागताना, जिन्यात ओरडत असे. बोहारीण. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात स्टीलची भांडी द्यायची, असा तिचा रोकडविरहित व्यवहार. डिजिटल पेमेंट येण्याच्या कितीतरी आधी तिने सुट्या पैशांचा प्रश्न सोडवून टाकला होता.

बाबांचा लग्नातला कोट आईने तिला दिला तेव्हा मी समोर होतो. कोट, दोन टेरिकॉटच्या पँटी आणि एक विरलेली साडी एका बाजूला; दुसऱ्या बाजूला बिनझाकणाचं पातेलं. "वहिनी, कोट कोण घालतंय आता?" असं म्हणत तिने तो हातात घेतला, फर्रकन उलटा केला, अस्तर बाजूला सारून पाठीच्या शिवणीत दोन बोटं घातली, क्षणभर थांबली, आणि काही न बोलता लहान पातेलं पाटीत ठेवून मोठं काढलं. बोहारीण आपणहून भांडं वाढवते हे आईने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. "काहीतरी फसवलंन मेलीने," असं आई त्यानंतर कितीतरी वर्षं म्हणत होती. त्या दोन बोटांचं रहस्य पुढे येईल. आधी बाजारात जाऊ.

पायरी तिसरी : स्थळ व काळ

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत भरतो. मात्र बुधवारी आणि रविवारी. नावावर विसंबून मंगळवारी जाणारा माणूस या छंदाला लायक नाही. तिथे नाणी, नळाच्या तोट्या, एकेकटे बूट आणि कपड्यांचे ढीग शेजारी शेजारी नांदतात. ढिगापुढे उकिडवं बसता येणं ही किमान शारीरिक पात्रता.

मुंबईत मटन स्ट्रीटचा चोर बाजार. या नावाचं मूळ 'शोर बाजार' होतं, गोऱ्यांच्या तोंडी 'शोर'चं 'चोर' झालं, असं सांगतात. तिथली पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार मांडला जातो. तो पहाटे गाठावा. विजेरीच्या उजेडात सगळेच कपडे विंटेज दिसतात; खरेदी मात्र उजाडल्यावर करावी.

जुने कपडे परदेशातूनही येतात. वापरलेले कपडे देशात विकण्यासाठी आणण्यावर आपल्याकडे निर्बंध आहेत. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात गाठोड्यांची प्रतवारी होऊन बराच माल पुन्हा परदेशी रवाना होतो. जो चिंध्या म्हणून येतो तो आधी फाडलेला असावा लागतो, म्हणजे कुणी घालू नये. पानिपतच्या गिरण्या जुनी लोकर पिंजून पुन्हा सूत कातून तिची घोंगडी करतात. तेव्हा प्रवासात थंडी वाजून जे स्वस्त ब्लँकेट तुम्ही गळ्यापर्यंत ओढता, त्यात कुणा कॅनेडियन आजोबांचा स्वेटर असू शकतो. नमस्कार करून झोपावं.

सगळ्यात समृद्ध बाजार मात्र आपल्याच माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत असतो. तिथे प्रवेश विनामूल्य आहे. फक्त शिडी धरायला आई लागते, आणि ती प्रत्येक कपड्यामागे एक गोष्ट सांगते. दोन कपड्यांना एक दुपार, असा हिशेब धरावा.

पायरी चौथी : वय काढावं

विक्रेता प्रत्येक कपडा 'साठ-सत्तर साल पुराना' सांगतो. त्याच्या शब्दावर संशय न घेता पुरावा मागावा. शिंप्याचं लेबल हा उत्तम जन्मदाखला. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तेव्हा लेबलावर पत्त्याखाली सहा आकडी पिन असेल तर कपडा त्याआधीचा असूच शकत नाही. नुसतं 'मुंबई २८' असेल तर तो त्याआधीचा असेल, किंवा शिंपी आळशी असेल. इंग्रजीत 'बॉम्बे' लिहिलेलं असेल तर बहुधा १९९५ च्या आधीचा. काही दुकानदारांना अजून कुणी कळवलेलं नाही, हा अपवाद.

सुटाच्या कापडाची किनार आत कुठे राहिली असेल तर तीवर गिरणीचं नाव विणलेलं सापडतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात अडीच लाखांच्या घरात कामगार होते आणि कित्येक गिरण्या त्यानंतर पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. गिरणगावात आता जिथे मॉल आहेत तिथे हे कापड विणलं जायचं, आणि त्याच मॉलमध्ये त्या कापडासारखं दिसणारं कापड 'रेट्रो कलेक्शन' म्हणून मिळतं. हे वाक्य विनोदी वाटलं नाही तर तुमची नजर तयार होत आहे.

परदेशी जीन्सचे भक्त आणखी बारकाईत जातात. लीव्हाइजच्या खिशावरच्या लाल पट्टीतलं इंग्रजी 'ई' मोठ्या लिपीतलं असेल तर जीन्स बहुधा १९७१ च्या आधीची, आणि किंमत त्या एका अक्षरामुळे अनेक पटींनी जास्त. शुद्धलेखनाला इतका भाव दुसऱ्या कुठल्याही व्यवसायात मिळत नाही.

पायरी पाचवी : अंगाची तपासणी

लेबल बघून झालं की ते विसरावं आणि कपडा उलटा करावा. बोहारणीने कधी उजवी बाजू बघून भांडं ठरवलेलं मी पाहिलं नाही.

काखा आधी बघाव्यात. माणूस पुढून कितीही इस्त्री करून गेला तरी काखेत सत्य उरतं. मग कॉलर. पूर्वी घासलेली कॉलर शिंप्याकडून उसवून उलटी लावून घेत. ती पालटलेली असेल तर आधीचा मालक काटकसरी होता असं समजून दहा रुपये जास्त द्यावेत. कसर लागली आहे का हे उजेडापुढे धरून बघावं. कापडातून चांदणं दिसलं तर ते आकाशाचं कौतुक समजून परत ठेवावं. चेन दोनदा खालीवर करावी. खांदे बसत नसतील तर मोह सोडावा. कंबर आणि उंची शिंपी सांभाळतो, खांदे हलवायचे म्हणजे अख्खा कोट सोडवावा लागतो.

शिवणीतला एखादा सुटा धागा घरी आणून जाळून बघावा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते. रेशमाला आणि लोकरीला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. हा प्रयोग विक्रेत्यासमोर करू नये आणि नेसलेल्या साडीवर तर नाहीच नाही.

पैठणी असेल तर पदराची मागची बाजू बघावी. हातमागाच्या पैठणीत नक्षी मागूनही पुढल्यासारखीच स्वच्छ दिसते, लोंबणारे धागे नसतात. जुनी जर चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी दिलेली असे, म्हणून ती कालांतराने काळवंडते; प्लास्टिकच्या नकली जरीला ते भाग्यही नाही. याच चांदीपायी जरीच्या असंख्य साड्या भट्टीत गेल्या. साडी जाळायची, चांदी गोळा करायची, वजनावर पैसे द्यायचे. आज्यांची लग्नं अशी तोळ्यांत मोजली गेली. उरलेल्यांची आता जॅकेटं होत आहेत. भट्टीपेक्षा जॅकेट बरं, इतकंच म्हणून पुढे जातो.

पायरी सहावी : भाव करावा

आवडलेली वस्तू हातात धरून भाव करू नये. नावडती धरावी, तिच्यावर पंधरा मिनिटं घासाघीस करावी आणि उठता उठता "आणि हे चिंधूक कितीला?" असं विचारावं. विक्रेत्याला हे नाटक पहिल्या मिनिटाला कळतं, पण तोही कलावंत असल्याने तुमचा प्रवेश संपेपर्यंत थांबतो. 'विंटेज' हा शब्द बाजारात उच्चारू नये. प्रत्येक उच्चाराला शंभर रुपये पडतात.

एक तात्त्विक अडचण इथेच सांगतो. जुने कपडे घेतले की नवे घ्यावे लागत नाहीत, पृथ्वी वाचते. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज नेहमी दिला जातो. म्हणून भाचीने पृथ्वी वाचवण्यासाठी एका महिन्यात अकरा जुने टी-शर्ट घेतले. पृथ्वीचं काय झालं ते कळायचं आहे. कपाटाचं दार लागत नाही.

पायरी सातवी : संगोपन

आणलेला कपडा थेट कपाटात ठेवू नये. त्याच्याबरोबर ढेकूणही विंटेज येतात. सुती असेल तर गरम पाणी आणि कडक ऊन. लोकर-रेशमाला रिठ्याचं पाणी आणि सावली. भरजरी साडी मात्र घरी भिजवण्याचं धाडस करू नये. जरीची साडी लोखंडी हँगरला न टांगता जुन्या मलमलीत गुंडाळावी आणि तीन-चार महिन्यांनी तिची घडी मोडून वेगळी घालावी, कारण रेशीम आधी घडीवर विरतं. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नयेत. त्यांचा वास मात्र लगेच घालवण्याची घाई नको. लग्नाच्या हॉलमध्ये त्या वासावरून लोक आदराने बाजूला होतात.

पायरी शेवटची : दोन बोटं

भाचीचा बावीसशेचा कोट पाठीत घट्ट होत होता. कोपऱ्यावरच्या आल्टरवाल्या काकांकडे नेला. त्यांनी तो फर्रकन उलटा केला, अस्तर थोडं उसवलं आणि पाठीच्या शिवणीत दोन बोटं घातली. मी पन्नाशी ओलांडूनही त्या क्षणी पुन्हा जिन्यात उभा होतो.

"दीड इंच माया आहे," काका म्हणाले. "दोनदा सैल करता येईल."

माया. शिवणीच्या आत शिंपी जादा सोडतो ते कापड. कोट घालणारा उद्या जाड होईल, त्याचा मुलगा रुंद निघेल, कोट तिसऱ्याच कुणाच्या अंगावर जाईल, हे धरून आत घडी घालून ठेवलेलं. बोहारीण तेच चाचपत होती. बाबांच्या कोटात ते भरपूर होतं, म्हणून पातेलं मोठं झालं. तिने फसवलं नव्हतं. आईला तिने चोख भाव दिला होता.

मग हौसेने माझं गेल्या वर्षीचं, चार हजारांचं नवं कोरं जाकीट काकांपुढे ठेवलं. तेही जरा आवळतं. काकांनी उलटं केलं, बोटं घालायला गेले आणि थांबले. शिवण जिथे संपत होती तिथेच कापडही संपत होतं. "यात काही करता येणार नाही," म्हणून त्यांनी ते तसंच परत दिलं.

तेव्हा वाचकहो, सात पायऱ्या विसरलात तरी चालेल. जुनं घ्या की नवं, घेण्याआधी कपडा उलटा करा आणि शिवणीत दोन बोटं घाला. माया लागली तर घ्या. नाही लागली तर त्याच पैशात एक पातेलं घ्या. आमच्याकडचं तीस वर्षांचं झालं, रोज त्यात दूध तापतं, आणि ते अजून कुणालाही घट्ट झालेलं नाही.