दहा वर्षांचा शब्द, सव्वादोन वर्षांत मोडला

सेंटओएस या मोफत लिनक्स डिस्ट्रोची (लिनक्सच्या तयार संचाची) आठवी आवृत्ती, सेंटओएस 8, सप्टेंबर 2019 मध्ये आली, तेव्हा 2029 पर्यंत अपडेट मिळतील असं सांगितलं होतं. डिसेंबर 2020 मध्ये सेंटओएसमागच्या रेड हॅट कंपनीने जाहीर केलं की 2021 संपताच ती बंद. पैसे न मोजता भक्कम सर्व्हर चालवणाऱ्यांना घर बदला म्हणून नोटीस, हाती जेमतेम वर्ष.

खरी चीड पुढेच आहे. जुन्या सेंटओएस 7 वर बसून राहिलेल्यांना जून 2024 पर्यंतची मुदत शाबूत राहिली. वेळेवर 8 वर गेलेले शिस्तीचे ॲडमिन आधी उघड्यावर पडले. अमेरिकेतल्या फर्मिलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने तर सायंटिफिक लिनक्स या आपल्या डिस्ट्रोची पुढची आवृत्ती काढायचीच नाही, सेंटओएस 8 घ्यायची, असं 2019 मध्ये ठरवलं होतं! विश्वास ठेवणाऱ्यांशी असं वागायचं नसतं.

बदली म्हणून सेंटओएस स्ट्रीम पुढे केली गेली. ती बदली नव्हेच. जुनी सेंटओएस रेड हॅटच्या विकत मिळणाऱ्या आवृत्तीच्या मागून, सगळं पारखून झाल्यावर यायची. स्ट्रीम त्या विकतच्या आवृत्तीच्या पुढे चालते. कॉलेजची प्रवेशप्रक्रिया ज्या सर्व्हरवर चालते, तिथे ते मागून येणंच हवं असतं.

मग जुन्या सेंटओएसची जागा घ्यायला अल्मालिनक्स आली, रॉकी लिनक्स आली. चालू सर्व्हरवर एक स्क्रिप्ट चालवली की डिस्ट्रो बदलते. काम देखणं आहे, करणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत. पण दोन्हींचा पाया रेड हॅटच्या कोडवर. जून 2023 मध्ये रेड हॅटने त्या कोडची उघडी वाट बंद केली आणि अल्माला हुबेहूब प्रत काढण्याचा हट्ट सोडावा लागला. दार बदललं, जमीनमालक तोच राहिला.

म्हणून माझं मत: बदलायचंच तर डेबियन या लिनक्स डिस्ट्रोवर जा. त्रास जास्त आहे. सर्व्हर नव्याने उभारावा लागतो, सॉफ्टवेअर बसवायला डीएनएफ सोडून एपीटी शिकावं लागतं, अपाचे या वेब सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइली वेगळ्या जागी सापडतात. दहा वर्षांचं आश्वासनही नाही. लांब मुदतीची अपडेट धरून साधारण पाच वर्षं. पण 1993 पासून चालत आलेल्या या प्रकल्पाला विकणारा मालकच नाही. त्याचा प्रमुख दरवर्षी डेव्हलपर मतदानाने निवडतात आणि वापरणाऱ्यांशी केलेला सामाजिक करार 1997 पासून लेखी आहे.

सेंटओएस 7 ची मुदतही संपली आहे. तरी अजून ती चालवत असाल, तर तुमच्या सर्व्हरला सुरक्षेची नेहमीची अपडेट मिळत नाहीत. या आठवड्यात पूर्ण बॅकअप घ्या, तो परत उघडतो का ते तपासा, आणि स्थलांतराची तारीख साहेबांकडून लेखी घ्या.