तिसरी पाळी

लोअर परळच्या गिरण्या बंद पडल्या, ही अफवा आहे. पाळ्या अजून चालतात: सकाळी कॉफीची, दुपारी खरेदीची आणि रात्रपाळी बिअरची. गेटवर झडतीही होते. पूर्वी कामगाराची व्हायची, बाहेर पडताना. आता गिऱ्हाइकाची होते, आत शिरताना.

फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या अंगणात उभी आहे. धूर सोडत नाही, सेल्फीला पाठ देते. गिरणी गेल्यावरही नोकरी टिकवणं तिला जमलं. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी बहुतेकांना ते जमलं नाही.

नव्वदीच्या अखेरीस इथे बोलिंगचा अड्डा उघडला. परवानगी कामगारांच्या करमणूक केंद्राच्या नावावर घेतली, अशी कामगारांच्या बाजूने तक्रार होती. तसं असेल तर हेतू थोरच म्हणायचा! साचेवाल्याने भाड्याचे बूट चढवावेत, चेंडू गडगडत सोडावा आणि थकलेली देणी विसरावीत.

१९९१च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा एक वाटा सार्वजनिक मोकळ्या जागेला होता, एक म्हाडाला. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. मैदानं आखडली, चार माणसांनी जमायचं तर बिल भरून जमावं.

आतली सजावट मात्र इतिहासाला धरून. उघड्या विटा, लोखंडी तुळया, जपून राखलेला गंज. तसाच गंज आसपासच्या चाळींच्या जिन्यांनाही आहे, पण तो पुनर्विकासाच्या फायलीत मोडतो.