'लिंक असलेली कोणतीही व्यक्ती' यांस अनावृत पत्र

रा. रा. 'लिंक असलेली कोणतीही व्यक्ती' यांस,

फाइल शेअर करताना 'कोणाला दाखवायची?' हा प्रश्न आला की आपण तत्परतेने पुढे होता. एकेकाचा ईमेल पत्ता शोधत कोण बसणार? एक क्लिक, की सोसायटीचा हिशेब, आधार कार्डांच्या प्रती, पगारपत्रके सगळे आपल्या हवाली. आपले नाव-गाव विचारण्याचा उद्धटपणा कोणी करत नाही. गूगल डॉक्स तर आपल्याला निनावी प्राण्याचे रूप बहाल करते. पगाराचे आकडे कोण वाचून गेले? एक निनावी कोल्हा. चौकशी समितीने साक्षीला त्यालाच बोलवावे.

आपल्या कर्तबगारीचे दाखले जुने आहेत. जून 2017 मध्ये डीप रूट अ‍ॅनालिटिक्स या अमेरिकी कंपनीकडची सुमारे 19.8 कोटी मतदारांची माहिती अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत उघडी सापडली: नावे, जन्मतारखा, घरचे पत्ते, फोन. कुलूप कोणी फोडले नव्हते, पासवर्डच नव्हता. याच एस-थ्रीच्या परवानग्यांत आपले चुलतबंधू नांदतात, 'ऑथेंटिकेटेड यूझर्स'. वाटावे, ही आपल्याच कंपनीतली ओळखपत्रधारी मंडळी. प्रत्यक्षात जगात ज्याचे म्हणून एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचे) खाते आहे, तो यात आला. 2006 साली सुरू झालेल्या एस-थ्रीत नव्या बकेटांचा, म्हणजे साठवणीच्या कप्प्यांचा, सार्वजनिक प्रवेश आपोआप रोखला जायला एप्रिल 2023 उजाडले. तेव्हा सगळे खापर वापरणाऱ्याच्या आळसावर फोडणे बरे नव्हे. घसरडी वाट आखणारेही वाटेकरी आहेत.

आपले वकील म्हणतील, फाइल एन्क्रिप्टेड असते. असते ना! पण ज्याला परवानगी, त्याला सर्व्हर सहसा स्वतःच ती उलगडून देतो, आणि परवानगी तर आपल्या खिशात. लिंक इतकी लांबलचक की अंदाजाने सापडणार नाही, हेही खरे. पण अंदाज करायचाय कोणाला? ती व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड होते आणि नोकरी सोडून गेलेल्याच्या फोनवरही उघडत राहते. नावे टाकत बसले तर काम खोळंबते, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. सभेच्या सूचनेला, लग्नपत्रिकेला आपण खुशाल या. पण ज्या कागदाची झेरॉक्स कोणी चौकात वाटणार नाही, तिथे नावांपायी गेलेली दोन मिनिटे महाग नाहीत. शिवाय टाकलेले एकच नाव नंतर काढता येते. आपल्याला काढायचे तर लिंकवरून येणाऱ्या सगळ्यांचीच वाट बंद करावी लागते.

आपण होऊन आपण निघणार नाही, हे ठाऊक आहे. म्हणून वाचकांनीच आज जुन्या फाइलींचे शेअर बटण उघडून आपल्याला निरोप द्यावा.

कळावे. लोभ नसावा, ही विनंती.