सहा हिट पॉइंटांचा पंडित

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रत्येक टेबलावर एकाला तरी विद्वान व्हायचं असतं. बाकीचे खेळाडू आपल्या पात्राची बॅकस्टोरी चार ओळींत उरकतात: गाव जळलं, काका वारले, तलवार उचलली, निघालो. हा शुक्रवारी रात्री दीड वाजता खेळ चालवणाऱ्या डीएमला पीडीएफ पाठवतो. पानं 34. खाली तळटीपा, शेवटी वंशावळ.

पात्राच्या नावात दोन अ‍ॅपॉस्ट्रॉफी. त्यांचा उच्चार होत नाही, पण ते गाळून नाव घेतलंत तर त्याला कळतं. या पात्रानं नवव्या वर्षी गुरूला वादात हरवलं. अकराव्या वर्षी विद्यापीठानं त्याला हाकललं, कारण म्हणे प्राध्यापक त्याला घाबरायचे. हाकलण्याला दुसरंही काही कारण असू शकेल, ही शंका 34 पानांत कुणालाच येत नाही. पुढे त्यानं मॉर्डेनकायननला भर सभेत गप्प केलं. आता मॉर्डेनकायनन म्हणजे खुद्द गॅरी गायगॅक्सचा जादूगार. ज्या गायगॅक्सनं डेव्ह आर्नेसनच्या जोडीनं 1974 साली हा खेळ आणला, तोच. त्या जादूगाराचं नाव आजही मंत्रांना चिकटलेलं आहे, पण ते त्यानं फासे टाकत, मार खात, एकेक लेव्हल चढत कमावलं. आमच्या पंडितानं ते काम एका परिच्छेदात आटोपलं.

डीएम बिचारी सगळं वाचते आणि एवढंच म्हणते, "छान आहे. फक्त तू पहिल्या लेव्हलचा आहेस."

मग कॅरेक्टर शीट भरायची वेळ येते. सगळ्यात मोठा आकडा अर्थातच इंटेलिजन्सला. उरलेला 8 कुठे टाकायचा? पंडित क्षणभरही न थांबता तो विस्डमला देतो. हुशारी आणि शहाणपण हे दोन वेगळे रकाने आहेत, हे खेळाच्या कर्त्यांनी पहिल्याच आवृत्तीत ओळखलं होतं. हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, मिळतात सहा. गोब्लिनचा एक बाण तीन ते आठ पॉइंट नेतो. हा हिशेब सोपा आहे, म्हणूनच पंडित त्यात लक्ष घालत नाही.

पाचव्या आवृत्तीच्या 2014 सालच्या पुस्तकात विद्वानाच्या पार्श्वभूमीसोबत थोडं सामानही मिळतं: शाईची बाटली, पिसाची लेखणी, छोटा चाकू, दहा सोन्याची नाणी आणि एक पत्र. हे पत्र मेलेल्या सहकाऱ्याचं असतं आणि त्यात असा प्रश्न असतो, ज्याचं उत्तर विद्वानाला अजून सापडलेलं नाही. खरं तर अख्खी बॅकस्टोरी या एका पत्रात बसते. कोण होता तो? कशानं मेला? काय विचारत होता? डीएम मोठ्या आशेनं विचारते, "पत्रात काय आहे?" पंडित म्हणतो, "उत्तर मला माहीत आहे. ऐकण्याच्या लायकीचं कुणी भेटलेलं नाही." डीएम वही मिटते.

प्रत्यक्ष खेळात मात्र विद्वत्ताही फाशावर सिद्ध करावी लागते. गुहेच्या दारावर जुना शिलालेख लागतो. पंडित बाह्या सरसावून वीस बाजूंचा फासा टाकतो. पडतात 2. कधी शाळेचं तोंडही न पाहिलेला बार्बेरियन सहज म्हणून टाकतो, त्याला पडतात 19. "आमची आजी सांगायची," म्हणत तो लेख वाचून दाखवतो. पंडित ताबडतोब नियम काढतो: विद्वानाला एखादी गोष्ट ठाऊक नसली, तरी ती कुठे सापडेल हे बहुधा ठाऊक असतं. "कुठे सापडेल?" डीएम विचारते. "माझ्या ग्रंथालयात." ग्रंथालय तीन आठवड्यांच्या वाटेवर. पार्टी आत जाते.

आत पहिला बाण पंडितालाच लागतो, कारण तो गोब्लिनांना त्यांच्या व्याकरणातली चूक समजावून सांगत उभा असतो. सात पॉइंट जातात, पंडित आडवा. जखमा बऱ्या करणारी क्लेरिक धावत येते, हात ठेवते, मंत्र म्हणते. पंडित डोळे उघडतो आणि पहिलं वाक्य बोलतो, "तुझा दुसरा शब्द चुकला."

टेबलावर कुणीच हसत नाही. क्लेरिक शेंगदाणे चावत त्याच्याकडे बघत राहते.

पुढच्याच फेरीत दुसरा बाण. आता मरणाचे फासे. दहाच्या खाली तीनदा पडलं की खेळ खलास. पहिला 4. दुसरा 7. सगळे क्लेरिककडे बघतात. ती शांतपणे पुस्तक पुढे ओढते, पानं उलटते आणि म्हणते, "एक मिनिट हं, उच्चार बघून घेते."

पंडिताचं लक्ष फाशाकडे, तिच्याकडे, पुन्हा फाशाकडे. आणि 34 पानांत ज्यानं कुणाला काही विचारलं नव्हतं, त्या विद्वानाच्या तोंडून पहिला प्रश्न बाहेर पडतो:

"अगं, जसं येतंय तसं म्हण ना?"