किती देते?

मोटारसायकल घेतली की आपल्याकडे कोणी रंग विचारत नाही, वेग विचारत नाही. 'किती देते?' विचारतात. लिटरला साठ म्हणालात तर समोरचा खूश होतो, पन्नास म्हणालात तर 'शहरात ना? हायवेला वाढेल' असा धीर देतो. माझी येझदी तिशीलाही टेकत नाही. हे ऐकल्यावर माणूस क्षणभर गप्प बसतो आणि विषय पावसावर नेतो.

हा प्रश्न काही वेदकाळापासून चालत आलेला नाही. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, लिटरला ऐंशीच्या गोष्टी करू लागली, आणि तोवर धूर सोडत सुखाने हिंडणाऱ्या टू-स्ट्रोक मंडळींवर एकाएकी हिशेब द्यायची वेळ आली. येझदीने तो शेवटपर्यंत दिला नाही. 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला, पण हिशेब नाही म्हणजे नाहीच. मला ही गाडी आवडते त्याचं अर्धं कारण हेच असावं.

पन्नाशी उलटल्यावर गाडी घेणाऱ्यासाठी मात्र आणखी एक प्रश्न राखून ठेवलेला असतो, आणि तो घरातच विचारला जातो.

"कशाला?" हिने विचारलं. आवाज चढवून नाही, कुकरच्या शिट्या मोजता मोजता. "ऑफिसला कार आहे, मंडईला माझी स्कूटर आहे. हिच्यावरून जायचं कुठे?"

"कुठे नाही," मी म्हणालो.

"कुठे नाही जायला एवढे पैसे?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या पिढीच्या घरात वाहन म्हणजे कामाला आलेलं माणूस. माझ्या चेतकने आयुष्यभर दळणाचे डबे वाहिले, गॅसचं सिलेंडर वाहिलं, पुढ्यात उभी मुलगी आणि मागे मांडीवर टेबलफॅन घेतलेली बायको वाहिली. ती विकली त्या दिवशी हिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अशा घरात येझदी येऊन नुसती उभी राहिली. कॉलेजात असताना मामाची येझदी होती. मामा फिरतीवर गेला की ती माझी. तेव्हाही मी कुठेच जात नव्हतो, पण विशीत कुठेच न जाण्याला कोणी कारण विचारत नाही. उनाड म्हणतात आणि सोडून देतात. पन्नाशीत उनाड म्हणायची सोय नसते. म्हणून मग 'काही टेन्शन आहे का त्यांना?' असं माझ्या मेव्हण्याने हिला फोनवर विचारलं.

आता गाडीबद्दल. छंद लागलेल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, तेव्हा ऐकून घ्या. मुळात ही चेकोस्लोव्हाकियाची जावा. आयडियल जावा कंपनीने ती 1961 पासून म्हैसूरला बनवली आणि 1973 पासून तिला येझदी म्हणू लागले. इंजिनाला सिलेंडर एक, सायलेन्सर मात्र दोन. उधळपट्टीची सुरुवात इथूनच होते. किक डाव्या बाजूला, आणि तीच दांडी वळवून उभी केली की किक, पुढे आडवी केली की गियर. एका दांडीत दोन कामं! एवढी काटकसर करूनही इतकं पेट्रोल पिणारी गाडी जगात दुसरी नसेल. पेट्रोलही नुसतं चालत नाही, लिटरमागे तीस-चाळीस मिली ऑइल घालून, टाकी हलवून पाजावं लागतं. पंपावरची पोरं टाकीत ऑइल ओतताना माझ्याकडे अशा नजरेने बघतात, जणू मी त्यांच्याकडे हातभट्टीच मागितली आहे.

किकचा मात्र प्रश्न होता. मामाच्या वेळी ती बसायची. आता मी मारायचो, गाडी एकदा खोकायची आणि आम्ही दोघं दम घ्यायचो. गॅरेजवाले चाचा हे बराच वेळ चहा पीत बघत राहिले.

"साहेब, लाथ मारू नका," ते शेवटी म्हणाले. "गाडीनं काय घोडं मारलंय तुमचं? नुसतं वजन टाकायचं."

"वजन?"

"हां. आहे ना तुमच्याकडं." त्यांनी माझ्या पोटाकडे सौम्यपणे पाहिलं. "कॉलेजच्या पोरांना जमत नाही हे. त्यांच्याकडं मालच नसतो."

मी वजन टाकलं. गाडी सुरू झाली. वीस वर्षं डॉक्टरांनी ज्याच्या नावाने बोटं मोडली, ते प्रथमच कुठे तरी उपयोगी पडलं.

गाडीवर बसणं हे सुरू करण्याहून कठीण. उजवी टांग मागून सीटवरून न्यायची असते. ती निम्म्यात थांबते आणि मागच्या इंडिकेटरशी काही बोलू लागते. त्यानंतर हेल्मेट. पुण्यात हेल्मेट हा डोक्याचा नव्हे, अस्मितेचा विषय. इथे हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले आहेत. मी मात्र ते घालतो, कारण आत कोण आहे ते सोसायटीला कळत नाही. पण माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. आधी हेल्मेट घालायचं, मग चष्म्याच्या काड्या गालाच्या फोमातून हळूहळू कानापर्यंत सरकवायच्या. एक कानावर बसते, दुसरी हमखास कानात जाते. एवढं करून खाली बघितलं, की वाचायच्या काचेतून स्पीडोमीटर लख्ख दिसतो आणि पुढच्या चाकाजवळचा खड्डा धुक्यात जातो. स्पीडोमीटरचा काटा चालत नाही हे त्यामुळे फार स्पष्टपणे कळतं.

पण भोर सोडून नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेने वरंध घाटाकडे निघालात, की हे सगळं मागे पडतं. मुंबईच्या एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. लोक यावर चिडतात, मी चिडत नाही. ते रस्ते पोचण्यासाठी बांधले आहेत, आणि मला पोचायचं नसतं. वरंधच्या रस्त्याला पोचण्याची घाईच नाही. धरणाचं पाणी आत शिरलं की तोही मुकाट्याने आत वळतो आणि समोर दिसणाऱ्या वाडीला पाऊण तास लावतो. अशा वेळी दोन्ही हात, दोन्ही पाय आणि कान कामात असतात. तिसऱ्या गियरला येझदी एका विशिष्ट सुरात बोलते. तो जरा बदलला की पोटात गोळा येतो आणि परत लागला की मुलगी बारावी पास झाल्याचा आनंद होतो. फ्लॅटचा हप्ता, मणक्यातली गॅप, साहेबांचा मेल यांना बसायला सीटच उरत नाही.

घाट उतरताना मात्र सांभाळावं लागतं. ऑइल पेट्रोलमधूनच जात असल्यामुळे उतारावर रेस पूर्ण बंद ठेवली तर इंजिन कोरडं पडतं, म्हणून मधूनमधून उगाचच रेस पिळायची. म्हणजे उतारावरसुद्धा पेट्रोल! उतार फुकट मिळाला तरी ही बाई फुकट घेणार नाही. चाचांनी हे सांगितलं तेव्हा मला तिचा भलताच अभिमान वाटला.

घाटमाथ्यावर वाघजाईच्या देवळाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत, आणि भज्यांवर टपलेली माकडं. तिथे गाडी उभी केली की आपला चहा गार होणार हे धरून चालायचं. पन्नाशीपुढच्या प्रत्येक पुरुषाकडे एकेकाळी येझदी होती. नसेल तर काकाची होती, आणि त्या काकाने ती भंगारात घातली. गोष्ट ऐकावी लागते, मध्ये 'अरेरे' म्हणावं लागतं. एका गृहस्थांनी टाकीवर हात ठेवून, बायको आणि दोन मुलं कारमध्ये हॉर्न वाजवत असताना, मला त्यांच्या पहिल्या नोकरीपासूनची हकीकत सांगितली. जाताना त्यांनी विचारलंच, "किती देते?" मी आकडा सांगितला. "आमची पण तेवढंच द्यायची," असं म्हणून ते अतिशय समाधानाने कारमध्ये जाऊन बसले.

तरुण पोरं येतात ती जाकिटाच्या कोपर-खांद्यात चिलखत घालून, हेल्मेटवर कॅमेरा लावून, एकमेकांशी हेल्मेटच्या आतूनच बोलत. फार आदबीने वागतात. "काका, एक फोटो?" एकाने विचारलं. मी पोट आत घेऊन गाडीला रेलून उभा राहिलो. "काका, जरा बाजूला होता का? नुसती गाडी."

घरी मात्र मी अजून 'उगाच' म्हणायला धजावत नव्हतो. "भोरला जरा काम आहे," असं म्हणत असे. "कसलं?" "आहे एक." भोरला माझी इतकी कामं निघू लागली, की सासूबाईंनी तिकडे जमीन बघताय का म्हणून चौकशी केली. मग हिनेच कामं द्यायला सुरुवात केली. "चाललाच आहात तर इंद्रायणी तांदूळ आणा, तिकडचा चांगला असतो." मी आणला, पाठीला सॅक लावून, आणि दोन दिवस शेकत बसलो. मग नाचणी आणली. हातसडीचे पोहे आणले. तेवढ्या पेट्रोलमध्ये ते कितीला पडले हे आम्ही दोघांनीही काढलं नाही.

परवाच्या रविवारी सकाळी मी चष्म्याची दुसरी काडी कानापर्यंत नेत होतो तेवढ्यात ही दारात आली.

"अहो, येताना मीठ आणा."

"मीठ? ते कोपऱ्यावर मिळतं."

"कोपऱ्यावरचं नको."

मी उघड्या दारातून आत पाहिलं. ओट्यावरची बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती.

"अगं, पण भोरला मीठ कुठे पिकतं?"

"मग घाट उतरून पुढे जा," ती म्हणाली. "मिठागरं तिकडेच आहेत ना?"